ग्रॅनाइटने खाल्लेला अंगठा

रागाच्या भरात माणसाने एक वेळ ताट भिरकवावं, पण शब्द देऊ नये. ताट उचलून धुता येतं. मी शब्द दिला तो जेवायला बसलेलो असताना, आणि तोही आमच्या कन्येला. ती दिलेला शब्द वकिलासारखा धरून ठेवते.

झालं असं, की कन्येने नोकरीचा राजीनामा दिला. विमा कंपनीतली नोकरी होती. खुर्ची, डोक्यावर पंखा, हक्काच्या रजा, सगळं होतं. ते सोडून ती काय करणार होती? तर डोंगरात जाऊन लोकांना कातळ चढायला शिकवणार होती. त्याचं आधी सहा महिन्यांचं प्रशिक्षण असतं म्हणे. दर रविवारी ती दोर घेऊन कुठेतरी जाते हे मला ठाऊक होतं, पण रविवारचं खूळ सोमवारीही मुक्कामाला राहील याची कल्पना नव्हती.

"दगडाला लटकून पोट भरतं का?" मी विचारलं.

तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. "बाबा, तुम्ही दगडाला कधी हात तरी लावलाय का?"

"हात कशाला लावायला हवा? तुझ्या डोक्यात भरलेले दिसतातच की."

हे वाक्य मला त्या क्षणी फार झकास वाटलं. पुढचे तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मीही बोललो नाही. मला काही हवं असलं की मी बायकोला सांगायचो, कन्येला काही हवं असलं की ती आईला सांगायची. तिघंही एकाच टेबलाशी, हातभर अंतरावर.

चौथ्या दिवशी कन्या म्हणाली, "आई, बाबांना सांग, माझ्या नोटिशीचा महिना आहे. शेवटच्या दिवसापर्यंत राजीनामा मागे घेता येतो. त्यात चार रविवार येतात. चार रविवारी चार जातींच्या दगडांवर त्यांनी माझ्याबरोबर यावं. त्यानंतरही 'यात काही अर्थ नाही' असं ते म्हणाले, तर घेते मागे."

"तिला सांग, कबूल," मी म्हणालो.

"मी काही टपाल कचेरी नाही," बायको म्हणाली. "आणि तुम्हाला गादीखाली चादर खोचताना धाप लागते, ते विसरू नका."

मी विसरलो नव्हतो. पण माझा हिशेब साधा होता. चार रविवार कळ काढायची आणि पाचव्या दिवशी एक वाक्य म्हणायचं. अठ्ठावीस वर्षं नोकरीत मी याहून लांब कळ काढून याहून निरर्थक वाक्यं म्हटली आहेत. चार जाती कशाला, एवढंच कळलं नाही. दगड म्हणजे दगड. दगडापेक्षा वीट मऊ, एवढं आमचं या विषयातलं ज्ञान.

बातमी जिन्यातून वर-खाली फिरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त भूगोलमास्तर वही घेऊनच आले. "पहिला कोणता? ग्रॅनाइट? वा! पृथ्वीच्या पोटात सावकाश थंड झालेला. सावकाश थंड झाला की स्फटिक मोठे होतात."

"म्हणजे मला काय?"

"म्हणजे खरखरीत. पकड उत्तम. तुम्हाला मजा येईल." मास्तर स्वतः पंखा पुसायलाही स्टुलावर चढत नाहीत, आम्हाला बोलावतात. पण भूगोल शिकवलेल्या माणसाचा आत्मविश्वास वेगळाच असतो. पृथ्वी त्यांनीच बसवल्यासारखं ते बोलतात.

समोरच्या वहिनींनी त्यांच्या चुलत नणंदेच्या यजमानांची गोष्ट सांगितली. ते पडले आणि सहा महिने अंथरुणात होते. मी विचारलं, कातळावरून पडले का? वहिनी म्हणाल्या, "नाही, घरच्या जिन्यावरून. पण जिना दगडीच होता हो."

पहिल्या रविवारी सकाळी ग्रॅनाइटपाशी पोचलो. एखाद्या प्रचंड हत्तीची पाठ जमिनीतून वर आलेली असावी तसा करडा, उतरता, गुळगुळीत दिसणारा दगड. त्याला धरायला म्हणून काही नव्हतं. मी चारही बाजूंनी पाहिलं. खाच नाही, कंगोरा नाही. कन्येने मला कमरेला आणि मांड्यांना पट्टे बांधले आणि दोन नंबर लहान बूट घालायला दिले. ते मुद्दाम लहानच घालतात. त्या बुटांत उभं राहिल्यावर माझ्या दहाही बोटांना एकमेकांविषयी जे वाटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"धरायचं काय?" मी विचारलं. त्या भांडणानंतरचा हा आमचा पहिला थेट संवाद.

"काही नाही. तळवे टेकवा आणि पायांवर उभे राहा. ग्रॅनाइटवर पकडायचं नसतं, विश्वास ठेवायचा असतो."

विश्वास ठेवून मी सहा फूट वर गेलो. मग विचार करायला लागलो आणि पोटावर आलो. पोटावर आलं की माणूस घसरतो. घसरताना तो हातांनी ब्रेक लावायला जातो, आणि मास्तरांचे ते मोठे स्फटिक नेमके इथे कामाला येतात. मी गाजरासारखा किसला गेलो. एकदा नव्हे, कारण दोराने थांबलो की कन्या खालून म्हणायची, "छान! पुन्हा!" असं नऊ वेळा. दुपारी माझ्या दहा बोटांची टोकं गुलाबी, गुळगुळीत आणि नव्या बाळासारखी झाली होती.

"मजा आली?" परतीच्या बसमध्ये तिने विचारलं.

"नाही."

"ग्रॅनाइटवर पहिल्या दिवशी कुणालाच येत नाही," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

इथवर दुःख शारीरिक होतं. सोमवारी ते प्रशासकीय झालं.

मी पेन्शन कचेरीत आहे. म्हातारी माणसं वर्षातून एकदा माझ्या खिडकीशी येऊन आपण जिवंत असल्याचा पुरावा देतात. आपण आपणच आहोत, हे ती अंगठ्याच्या ठशाने सिद्ध करतात. ठसा जुळला नाही की मी 'ओळख पटत नाही' असा शेरा मारून कागद परत करतो. अक्षर माझं सुरेख आहे, त्यामुळे तो शेरा फार उठून दिसतो.

हजेरीलाही आमच्याकडे अंगठाच लागतो. त्या सोमवारी मी दारातल्या यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, "ओळख पटली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा." अकरा वेळा पुन्हा प्रयत्न केला. मागे रांग लागली. बाई एकदाही चिडली नाही, हे विशेष.

साहेबांकडे गेलो. ते कागद बघून म्हणाले, "आज तुम्ही गैरहजर आहात."

"साहेब, मी तुमच्यासमोर उभा आहे."

"ते मला दिसतंय हो. यंत्राला दिसत नाही. नमुना सात भरून द्या, ओळख पुनर्स्थापनेचा."

नमुना सात चार पानी होता. आईचं माहेरचं आडनाव, अंगावरच्या खुणा, ठसा बिघडण्याचं कारण. कारण या रकान्यात मी लिहिलं, 'ग्रॅनाइट.' आणि चौथ्या पानावर तळाशी चौकोन होता, त्याखाली छापलं होतं, 'येथे अर्जदाराने अंगठा उठवावा.'

तो चौकोन घेऊन मी आठवडाभर टेबलाटेबलांवर फिरलो. सह्या, शिक्के, घराजवळच्या डॉक्टरांचं 'त्वचा झिजली आहे, माणूस तोच आहे' असं प्रमाणपत्र. शुक्रवारी यंत्रवाला आला. त्याने माझी सगळी बोटं तपासली आणि उजव्या हाताची तर्जनी त्यातल्या त्यात बरी निघाली. तिची नोंद झाली. आता मी पुन्हा मी झालो होतो, फक्त बोट बदललं होतं.

याच आठवड्यात एक पाथरवट माझ्या खिडकीशी आला. सरकारी बांधकामावर जन्मभर दगड घडवून निवृत्त झालेला, सुकलेला, शांत म्हातारा. ही त्याची पाचवी खेप. आधीच्या चारही वेळा ठसा जुळला नव्हता आणि चारही वेळा मी माझ्या सुरेख अक्षरात शेरा मारला होता. मी कागदासाठी हात पुढे केला. त्याने कागद दिला नाही, माझा हातच धरला आणि उजेडाकडे वळवला.

"ग्रॅनाइट का, साहेब?"

मी चकित झालो. "कसं ओळखलंत?"

"चुनखडक असता तर कातडी कोरडी पडून चिरली असती. वाळूचा दगड सगळीकडून सारखा घासतो. असं टोकाटोकांनी टिपून ग्रॅनाइटच खातो." त्याने आपला अंगठा माझ्या अंगठ्याशेजारी धरला. दोन्ही सारखेच कोरे. "तुमचं उगवेल महिन्या-दीड महिन्यात. आमचं नाही उगवत आता."

मागची रांग कुरकुरायला लागली होती. अठ्ठावीस वर्षांत नियम सोडून मी एक रेघ लिहिली नव्हती. त्या दिवशी मी त्याच्या कागदावर लिहिलं, 'अर्जदारास मी स्वतः ओळखतो,' आणि सही केली. तो नमस्कार करून गेला. मला मात्र घाम फुटला होता. ग्रॅनाइटवरही एवढा फुटला नव्हता.

दुसरा रविवार चुनखडकाचा. मास्तरांनी वहीत बघून सांगितलं होतं, की यात पाण्याने कोरलेली भोकं असतात, धरायला सोपी. ते खरं होतं. भोकं होती, अगदी बोटांच्या मापाची, जणू कुणी आपली वाट बघत करून ठेवलेली. मात्र हा कातळ इतका लोकप्रिय होता की हजारो हातापायांनी पायऱ्या साबणासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. पाय सटकले आणि मी एका भोकात घातलेल्या एका बोटावर लटकलो. दोराने धरलं, इजा झाली नाही. बोट तेवढं निघेना.

दगडाखाली हात सापडणं ही म्हण मी हजारदा वापरली असेन. दगडात बोट सापडलं की म्हणी सुचत नाहीत. पंधरा फुटांवर एका बोटाने पृथ्वीला जोडलेला मी, आणि खाली आपली पाळी येण्याची वाट बघणारे सात जण. प्रत्येकाकडे सल्ला होता. फिरवा. फिरवू नका. श्वास सोडा. एकाने तर विचारलं, "काका, अजून किती वेळ आहे तुमचा?" शेवटी कन्या शेजारच्या दोरावरून वर आली आणि कुणाचंतरी उन्हाचं क्रीम भोकात पिळून तिने मला सोडवलं. ती हसली नाही, हे मी तिच्या खाती जमा करतो. खालचे सातही जण हसले.

बोट टम्म सुजलं. ते कोणतं बोट होतं, हे सुज्ञांस सांगायला नको. सोमवारी यंत्रातल्या बाईने तेच वाक्य त्याच गोडीने म्हटलं.

"नमुना सात एका वर्षात एकदाच भरता येतो," साहेब म्हणाले. "आता चौकशी समिती."

तिसऱ्या रविवारी वाळूचा दगड. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. दोन बस बदलून, डबा, दोर आणि माझी बांधलेली तर्जनी घेऊन आम्ही पोचलो. तांबूस, उबदार रंगाचा, अंगावर लाटा असलेला देखणा कातळ. खरं सांगायचं तर चार दगडांत हाच मला बघताक्षणी आवडला. कन्येने त्याला हात लावला, नखाने जरा खरवडलं आणि दोराची पिशवी पुन्हा बंद केली.

"आज नाही. आतून ओला आहे. ओला असला की हा कच्चा होतो, तुटतो."

"अगं, वरून तर वाळलाय. दोन बस बदलून आलोय आपण!"

"म्हणून काय त्याला तोडायचं?"

आम्ही खाली बसून डबा खाल्ला. मी मनात खूश होतो, न चढता एक रविवार संपला. तेवढ्यात चौघांची एक टोळी आली आणि चढायच्या तयारीला लागली. कन्या त्यांच्याकडे गेली, समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चढायला लागले. थोड्याच वेळात वरून कडाड आवाज आला. चढणारा दोरावर झुलत होता, आणि ज्या खोबणीला त्याने धरलं होतं तिचा वीतभर तुकडा खाली आमच्यापासून पाच पावलांवर पडला होता. कातळावर मागे फिका, ताजा व्रण राहिला.

मला वाटलं, ती त्यांच्यावर ओरडेल. ती नुसती बघत उभी राहिली. डोळे भरले होते. ही मुलगी सातवीत हात मोडला तेव्हाही रडली नव्हती.

"भरून येईल का गं ते?" मी विचारलं. मूर्खासारखाच प्रश्न होता.

"नाही बाबा. तुमच्या बोटांना नवी कातडी येईल. याला नाही येत." मग नाक पुसून म्हणाली, "ही खोबण मी पहिल्या वर्षी शोधली होती. तिच्यावर एका हाताने थांबून मागे बघितलं की नदी दिसायची."

विमा कंपनीबद्दल ती असं कधी बोलली नव्हती. मीही पेन्शन कचेरीबद्दल असं कधी बोललेलो नाही.

चौथा काळा कातळ. मास्तरांच्या भाषेत बसाल्ट. लाव्हा थंड होताना तडकतो आणि त्याचे खांब होतात, असं ते म्हणाले. "यात रंजक काही नाही," असंही म्हणाले. काळे, सरळ, एकमेकांना खेटून उभे असलेले खांब. खांबाखांबांत फटी, आणि ठिकठिकाणी तुटून झालेल्या सपाट कडा. सरकारी फायली रचून ठेवाव्यात तसा दिसत होता. कदाचित म्हणूनच मला तो ओळखीचा वाटला.

ग्रॅनाइट विश्वास मागतो, चुनखडक गोड बोलून फसवतो, वाळूच्या दगडाला आपणच जपावं लागतं. काळ्या कातळाने माझ्याकडून काही मागितलं नाही. हात फटीत घालायचा, मूठ आवळायची, बसली की बसली. पाय कडेवर ठेवायचा, कड असते तिथेच असते. एक काम संपलं की दुसरं. दगड उन्हाने कोमट झाला होता, फटीच्या आत मात्र माठासारखा गार. मी किती वर आलो हे बघायचं विसरलो. खांद्यांतलं बळ संपलं होतं, तरी मी थांबत नव्हतो. मग हात पुढे घातला तर पुढे दगडच नव्हता, गवत होतं. मी वर पोचलो होतो.

मी तसाच पालथा पडून राहिलो. मागून कन्या आली आणि शेजारी बसली. या वेळी तिने मजा आली का असं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, महिना संपत होता. तिच्या नोटिशीचा शेवटचा दिवस, आणि माझी चौकशी.

समितीत तिघं. आमचे साहेब, यंत्रवाला आणि वरच्या कचेरीतून आलेल्या एक बाई. बाईंनी चष्मा पुसून विचारलं, "अंगठा ग्रॅनाइटमुळे आणि तर्जनी चुनखडकामुळे, असं तुम्ही लिहिलंय. दोन्हींत फरक काय?"

मी सांगायला लागलो. एका वाक्यात उत्तर द्यायचं होतं. पण ग्रॅनाइटवर तळवा कसा टेकवायचा ते मी टेबलावर टेकवून दाखवलं, चुनखडकाची भोकं सांगितली, ओल्या दगडाला हात का लावू नये ते सांगताना माझा आवाज चढला, आणि काळ्या कातळाच्या फटीत मूठ कशी बसते ते दाखवायला मी साहेबांच्या कपाटाच्या दोन दारांमध्ये हात घातला. यंत्रवाला पुढे सरकून ऐकत होता. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनाही माझी ओळख पटत नव्हती.

बाई शांतपणे म्हणाल्या, "आणि या पाथरवटाला अंगठ्याशिवाय मंजुरी दिलीत. ओळखता का त्यांना?"

"हो. बोटांवरून."

त्यांनी काहीतरी लिहिलं. मग एक छापील कागद माझ्यापुढे सरकवला. "हे हमीपत्र. यापुढे कोणत्याही प्रकारच्या दगडावर चढणार नाही, असं आहे. सही करा, प्रकरण इथेच मिटेल. नाहीतर रोज सकाळी साहेबांच्या खोलीत येऊन त्यांच्यासमोर वहीत सही करावी लागेल, निवृत्तीपर्यंत. आणि पगारवाढ थांबेल यंदाची."

मी पेन काढलं. पुढे आलेल्या कागदावर सही करणं हा माझा स्वभाव आहे. कागद वाचला. पुन्हा वाचला. मग पेनाला टोपण लावलं आणि म्हणालो, "वहीत करतो."

घरी आलो तेव्हा कन्या टेबलाशी बसली होती. समोर विमा कंपनीला द्यायचं, राजीनामा मागे घेण्याचं पत्र, अजून सही न केलेलं. बायको ओट्याशी. मी बूट काढले, पाणी प्यायलो आणि काय झालं ते सांगितलं.

"का नाही केलीत सही?" कन्येने विचारलं. थेट, आईमार्फत नाही.

"कोणत्याही प्रकारच्या दगडावर, असं लिहिलं होतं त्यात. ग्रॅनाइटपुरतं असतं तर आनंदाने केली असती."

तिने हसू दाबायचा प्रयत्न केला आणि तो फसला. मलाही हसायचं होतं, पण खांद्यांपासून खाली सगळं इतकं दुखत होतं की हसणं परवडण्यासारखं नव्हतं.

"तुम्हा दोघांचं काय ते कोड्यातलं बोलणं पुरे झालं," बायको म्हणाली. तिच्या हातात दोन डबे होते. "उद्या पहिली तारीख. ही कामाला जाणार आहे की नाही ते एकदाचं सांगा. मला सकाळी किती डबे भरायचे ते कळू दे."

कन्या पत्राचा कोपरा दुमडत, उलगडत बसली. उत्तर माझ्याकडूनच यायचं होतं.

"एकच भर," मी म्हणालो. "माझा."

बायकोने दुसरा डबा पुसला, झाकण लावलं आणि फळीवर ठेवून दिला.